हौसेला मोल, घडणावळ वेगळी

पोस्टाची तिकिटं जमवून झाली, कबुतरं पाळून झाली, सकाळी उठून गावभर सुविचारही पाठवून झाले आणि तरीही घरात दोन पैसे शिल्लक राहत असतील, तर आता सोन्याचा छंद धरायला हरकत नाही. हा छंद पुण्या-मुंबईच्या लोकांचा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. परळी-तेलगाव रस्त्यावरच्या आमच्या सिरसाळ्यात तो घरोघर आहे. इथे त्याला छंद म्हणत नाहीत, ‘पोरीचं लग्न’ म्हणतात, एवढाच फरक.

सुरुवात शोधापासून. कुदळ घेऊन शेतात जाणार असाल तर आधी बसून पाणी प्या. आपल्या पायाखाली काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली लाव्ह्याचा काळा पाषाण. या खडकात सोन्याच्या शिरा नाहीत. शिवाय पाण्यापायी आपण शिवारात जेवढी बोअरं मारली तेवढ्यांत सोनं असतं तर एव्हाना लागलं असतं; पाणी लागायची मारामार, तिथे सोन्याची काय कथा! जवळची म्हणावी अशी खाण रायचूर जिल्ह्यात हट्टीला. निजामाच्या काळात बीड आणि रायचूर एकाच राज्यात होते. १९५६ साली वाटण्या झाल्या, रायचूर खाणीसकट तिकडे गेलं आणि आपण दुष्काळासकट इकडे आलो. वाटणीत थोरल्याचं नेहमी असंच होतं.

दुसरा मार्ग गुप्तधनाचा. पडकी गढी आणि तिच्याखाली पुरलेला हंडा यांच्या गोष्टी मराठवाड्यात कोणत्याही पारावर फुकट मिळतात. मात्र हौशी माणसाने कायदा जाणून असावं. १८७८ सालचा गुप्तधनाचा कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. तोळा लाखाच्या पुढे गेल्यावर दहा रुपयांत जेमतेम एक मिलिग्रॅम सोनं बसतं. तेव्हा भिंगातून दिसेल असा कण सापडला तरी अर्ज घेऊन बीड गाठा. एसटीचं तिकीट कणापेक्षा महाग पडेल, पण कायद्यात बसाल. आणि हंडा दाखवतो म्हणून लिंबू, काळी बाहुली आणि अमावास्या घेऊन कुणी दारात आला, तर त्याला २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा वाचून दाखवा. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत सरकारी पाहुणचार आहे त्यात.

खरोखर मातीतून सोनं काढतात ते झारेकरी. सराफ्यातल्या दुकानांसमोरची धूळ झाडून घ्यायची, गटारातला गाळ उपसायचा, पाण्यात खळखळून धुवायचा आणि तळाशी राहिलेल्या गाळातला कण पाऱ्याने धरायचा. सोनार कानस मारताना जे उडतं ते त्यांचं. ही मात्र हौस नव्हे, पोट आहे. तिथे आपण घमेलं घेऊन उभं राहू नये.

राहिला आपटा. दसऱ्याला गावभर सोनं लुटायचं, ना घडणावळ, ना तूट, ना तीन टक्के जीएसटी. यातही भेसळ निघते म्हणा, बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास खपतात. पानाला अजून हॉलमार्क आलेला नाही.

आता खरेदी. पंचांगात गुरुपुष्यामृत आहे, साडेतीन मुहूर्त आहेत. बीड जिल्ह्याचा खरा मुहूर्त म्हणजे साखर कारखान्याचा पट्टा पडून ऊसतोडीची टोळी गावात परतते तो. २०२४च्या जानेवारीत झालेल्या करारात ऊसतोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. २०२५च्या एप्रिलात, अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, तोळ्याने लाखाला हात लावला. पाटीवर हिशेब मांडा. एका तोळ्याला पावणेतीनशे टन ऊस. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन तोडते असं धरलं, तर पाच महिने रोज राबून, वाटेत काहीही न खाता आणि मुकादमाची उचल न फिटवता एक तोळा येतो. त्यानंतर भाव वरच गेला. जेवायची सवय असलेल्यांनी अर्ध्या तोळ्यापासून सुरुवात करावी.

तोळ्याचंही आधी पक्कं करून घ्या. आजीचा तोळा बारा माशांचा, शहाण्णव गुंजांचा, साडेअकरा ग्रॅमच्या वरचा होता. आपला दहा ग्रॅमचा. मधले दीड-पावणेदोन मासे कुणी नेले याची तक्रार कुठल्याच ठाण्यात नाही. डागावर तीन खुणा बघाव्यात: बीआयएसचा त्रिकोण, २२ कॅरेटसाठी ९१६ हा आकडा आणि सहा अक्षरी-आकडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही आणि मोबाइलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो घालून पाहता येतो. दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला यातून सूट आहे. बहुतेकांच्या ऐपतीचा डाग नेमका त्याच मापाचा असतो, हा योगायोग.

दुकानात बसायची एक रीत आहे. चपला बाहेर, बाई पुढे, पुरुष मागे. पुरुषाने रस्त्याकडे बघत राहावं, जणू आपला या व्यवहाराशी संबंध नाही. शेठ आधी चहा सांगतात, मग पंखा बंद करतात, कारण काट्याला वारा सोसत नाही. काचेच्या डबीतल्या काट्यावर जोंधळी पोत ठेवली की लाल आकडे थरथरतात आणि दुकानातले सगळे श्वास धरतात.

“ताई, भाव माझ्या हातात नाही. घडणावळीत बघू काहीतरी.”

“बघू नका शेठ, सोडा. मागल्या वेळचं ध्यानात हाय माझ्या.”

इथे घासाघीस करावीच. न करणाऱ्या गिऱ्हाइकाला सराफ मनातून कमी लेखतो. शेवटी कॅल्क्युलेटर दोनदा उलटसुलट होतो, पोत गुलाबी कागदात गुंडाळली जाते, कागद पाकिटात, पाकीट पिशवीत आणि पिशवी पदराखाली. पावती पक्की घ्या. कच्च्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणारा माणूस छंदी नसतो, भाबडा असतो.

मग उपभोग. सोन्याचा आनंद गळ्यात नसून शेजारणीच्या डोळ्यांत असतो, हे शास्त्र पक्कं आहे. लग्नाच्या मांडवात पोत पदरावर हवी, एसटीत पदराखाली. मांडवात कुणी विचारेपर्यंत वजन सांगू नये, आणि विचारल्यावर आजीच्या तोळ्यात सांगावं. लांबच्या प्रवासाला बेंटेक्स घालून खरं घरी ठेवावं. घरी ठेवल्यावर मात्र दारात येऊन “दागिने उजळून देतो” म्हणणाऱ्याला उंबऱ्याबाहेरच उभं करावं. त्याच्या वाटीत आम्ल असतं. डाग चकचकीत परत मिळतो, फक्त हलका होऊन. साध्या वेशातला पोलीस रस्त्यात अडवून “पुढे चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा” म्हणाला, तर तो पोलीस नव्हे.

उपभोगाचा काळ लग्नसराईपासून मिरगापर्यंत. सात जूनच्या आसपास आभाळ भरून येतं, सोयाबीनची पिशवी आणि खताचं पोतं समोर दिसू लागतं आणि पोत पुन्हा गुलाबी कागदात जाते. बँकेत सोनेतारण करा नाहीतर शेठकडे गहाण टाका. बँकेच्या वतीने सोनं पारखायला बहुधा सराफच येतो. आता तो लाखेचं वजन वजा करतो, काळे मणी वजा करतो, दोराही वजा करतो. घेताना ही वस्तू इतकी गुंतागुंतीची नव्हती. यात लाजण्यासारखं काही नाही. सावकाराच्या दारात हात जोडून उभं राहण्यापेक्षा काट्यासमोर बसणं कधीही बरं. कुणी विचारलंच तर सासूबाईंनी सांगावं, “गाठवायला टाकलीय पोत.” सिरसाळ्यात याचा अर्थ सगळ्यांना कळतो आणि कुणी पुढचं विचारत नाही.

कापूस आला की पोत सोडवायची आणि पुढच्या मिरगाला पुन्हा द्यायची. वर्षातले चार-सहा महिने घरात, बाकीचे तिजोरीत. वस्तू आपलीच, भाडं फक्त आपण देतो. एवढ्या फेऱ्या घालूनही ती झिजत नाही, झिजतो तो व्याज भरणारा.

नवशिक्यांना एकच विनंती. गहाणाची पावती पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवा, सोडवायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि पावती कुठे आहे हे घरात निदान दोघांना सांगून ठेवा.