गणिताच्या पंगतीत

अर्थशास्त्रज्ञाला स्वयंपाकघरात मोकळं सोडलं तर काय होतं, याचा लेखी पुरावा १९४५ सालापासून उपलब्ध आहे. त्या वर्षी जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक साळसूद प्रश्न विचारला. सत्तर किलो वजनाच्या, बेताचं अंगमेहनतीचं काम करणाऱ्या माणसाला उष्मांक, प्रथिनं, कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वं सगळं पुरेसं मिळावं आणि पैसे मात्र कमीत कमी जावेत, तर त्याने वर्षभर खावं काय? ७७ पदार्थ, ९ पोषकद्रव्यं आणि १९३९ सालच्या बाजारातले भाव घेऊन ते बसले. उत्तर आलं वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. यादीत जिन्नस पाचच: गव्हाचं पीठ, डब्यातलं आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि पांढऱ्या घेवड्याचे वाळके दाणे.

घेवडा वर्षाला १२९ किलो, म्हणजे रोजचा साडेतीनशे ग्रॅम. कोबी पन्नास किलो. तेलाचा थेंब नाही, मिरची नाही, गूळ नाही. फोडणी हे पोषकद्रव्य नसल्यामुळे मोहरी-हिंगाला तर मुळातच प्रवेश नव्हता. वसतिगृहाच्या मेसमध्ये ज्यांनी काही वर्षं काढली आहेत त्यांना हा मेनू ओळखीचा वाटेल, पण बाकीच्यांनी घाबरू नये. असला आहार कुणी कुणाला सुचवत नसतं, असं खुद्द स्टिगलर यांनीच लिहून ठेवलं होतं. पुढे १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं, ते अर्थातच या स्वयंपाकासाठी नाही.

हे उत्तर त्यांनी काढलं होतं बऱ्याच अंशी अंदाजपंचे. पर्याय गाळत, चाचपडत. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञांनी अशा प्रश्नांसाठी सिम्प्लेक्स ही पद्धत शोधली आणि ती चालते का हे पाहायला हाच आहाराचा प्रश्न घेतला. तेव्हा संगणक हाताशी नव्हते. हाताने चालवायच्या आकडेमोडीच्या यंत्रांवर नऊ कारकून बसले आणि १२० मनुष्यदिवस खपून त्यांनी खरोखरीचं किमान उत्तर काढलं: ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिगलर यांचा अंदाज वर्षाला चोवीस सेंटांनी चुकला होता. ही चोवीस सेंटांची बचत शोधायला नऊ जणांचा जो पगार गेला असेल, त्यात स्टिगलर यांच्या त्या माणसाने किती वर्षं घेवडा खाल्ला असता, हे गणित कुणी मांडलेलं नाही. तरी मला या गोष्टीत खरा मान द्यावासा वाटतो तो स्टिगलर यांच्या अंदाजाला. इतकं चाचपडून इतक्या जवळ जाणं सोपं नाही.

पण गोष्टीतला रंगतदार भाग पुढेच आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डँट्झिग यांना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. आपण सकाळी फिरायला जायचा संकल्प सोडला असता. डँट्झिग यांनी संगणकाला कामाला लावलं. यावेळी त्यांना स्वस्त जेवण नको होतं, पोट भरल्यासारखं वाटायला हवं होतं. म्हणून त्यांनी ठरवलं की पदार्थाच्या वजनातून त्यातलं पाणी वजा करायचं आणि उरलेला ऐवज जास्तीत जास्त पोटात जाईल असं पाहायचं, उष्मांकांची मर्यादा सांभाळून. बायकोला, ॲनला, सांगून ठेवलं की संगणक सांगेल ते रांधायचं. संध्याकाळी त्यांनी यादी पाहिली. बाकी सगळं ठीक होतं, फक्त रोज ५०० गॅलन व्हिनेगर प्यायचं होतं. ५०० गॅलन म्हणजे सुमारे १,९०० लिटर. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या जवळजवळ भरतात.

यंत्राचा यात काही दोष नव्हता. तक्त्यात व्हिनेगरची नोंद सौम्य आम्ल अशी होती आणि पाण्याच्या रकान्यात शून्य. पाणी नाही, उष्मांक जवळजवळ नाहीत आणि वजन भरपूर. असा आदर्श पदार्थ यंत्राने का सोडावा? डँट्झिग यांनी व्हिनेगर यादीतून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: रोज सूपच्या २०० वड्या. त्या वड्या म्हणजे निम्म्याहून अधिक मीठच, पण मीठ किती खावं याला वरची मर्यादा तेव्हाच्या आहारतक्त्यांत नव्हतीच. डँट्झिग प्रामाणिक माणूस. त्यांनी कपभर गरम पाण्यात तीन-चार वड्या विरघळवून घोट घेतला आणि थुंकून टाकला. वड्यांवर मर्यादा आली. मग यंत्राने रोज दोन पौंड कोंडा सुचवला. कोंड्यावर मर्यादा घातली तर काकवी काढली. प्रत्येक उत्तर बिनचूक होतं आणि प्रत्येक वेळी ॲनने ते एका नजरेत मोडीत काढलं. शेवटी तिने यंत्राच्या यादीतलं बरं दिसलं तेवढं घेतलं, बाकीचं आपल्या डोक्याने ठरवलं आणि नवऱ्याला त्या आहारावर ठेवलं. त्यांचं वजन बावीस पौंडांनी, म्हणजे दहा किलोंनी उतरलं. ही सगळी हकिगत डँट्झिग यांनीच पुढे १९९० साली लिहिली. अशी गोष्ट स्वतःच सांगायला मोठं मन लागतं, किंवा बायकोचा धाक.

माझा भाचा हिंजवडीत याच विद्येवर पोट भरतो. कुणाच्या ट्रकने कुठून कुठे जावं, कुठल्या गोदामात काय ठेवावं, असं काहीबाही तो दिवसभर ठरवत असतो. रविवारी जेवायला आला की त्याला आमच्या घरात सुधारणेला फार वाव दिसतो. मध्यंतरी त्याने आठवड्याच्या भाज्यांचं वेळापत्रक बनवायचं मनावर घेतलं आणि लॅपटॉप उघडून ओट्याशी उभा राहिला.

"मामी, तुझ्या अटी सांग. मी टाइप करतो."

"अटी कसल्या? विचार काय ते."

"एकच भाजी आठवड्यातून किती वेळा चालेल?"

"कुठली, त्यावर आहे. मेथी दोनदा चालते. दुधी एकदा, तोही तुझ्या मामाला न सांगता."

त्याने ते टाइप केलं. मग एकेक निघत गेलं. गुरुवारी माझा उपास. चतुर्थीला मोदक नसले तरी साधं वरण हवंच. श्रावणात कांदा-लसूण नाही, म्हणजे महिनाभर निम्म्या भाज्यांची चव बदलणार. कारलं अण्णांना, माझ्या वडिलांना, आवडतं. बाकी कुणी ताटात घेत नाही, म्हणून त्या दिवशी दुसरी भाजी. अर्धा कोबी चिरून उरला की दुसऱ्या दिवशी त्याची कोशिंबीर. रात्री पोळ्या उरल्या तर सकाळी फोडणीची पोळी आणि तसं झालं की दुपारची भूक उशिरा. शेपू आणला की घरभर वास, म्हणून पाहुणे येणार असतील तेव्हा नाही. भाजीवाली मंगळवारी येत नाही आणि तिच्याकडची गवार कोवळी आहे की जून हे मोडून बघितल्याशिवाय कळत नाही.

"हे तू सगळं लक्षात कसं ठेवतेस?" भाचा म्हणाला.

"लक्षात कुठे ठेवते? फ्रिज उघडला की दिसतं."

मला वाटतं, ॲन डँट्झिगही काही निराळं करत नसणार. यंत्र मांडलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं, आणि घरात निम्म्या अटी मांडलेल्याच नसतात. त्या मोडल्या जातात तेव्हाच कळतं की त्या होत्या.

बरं, मांडलेल्या अटींवर तरी भरवसा ठेवावा, तर तेही नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे जगातल्या भुकेचं मोजमाप करण्यात आयुष्य घालवलेले संख्याशास्त्रज्ञ. १९५१ पासून वीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा सांख्यिकी विभाग त्यांनी सांभाळला आणि मग पुण्यात येऊन एक अवघड मुद्दा लावून धरला: एका माणसाला रोज अमुक उष्मांक लागतात असं म्हणताच येत नाही. त्याच माणसाची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं. पुण्यातच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली माणशी रोजचे २,२५० उष्मांक धरून देशातल्या दारिद्र्याची रेषा काढली होती. त्यावरून सुखात्मे आणि दांडेकर यांची १९८० च्या दशकात चांगली जुंपली. ही रेषा कुठे ओढायची यावर किती माणसांना उपाशी म्हणायचं ते ठरत होतं, त्यामुळे तो वाद नुसता विद्वानांचा नव्हता. त्यात कोण बरोबर हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. पण ज्या आकड्यावर सगळं गणित उभं करायचं तोच हलतो असं म्हणणारा संख्याशास्त्रज्ञ मला भलताच आवडतो.

भाच्याच्या विद्येची दुसरी एक बाजू आहे आणि ती फार दिलासा देणारी आहे. एप्रिल-मे आला की आमच्याकडे वर्षाचं धान्य भरायचं की महिन्याला आणायचं, हा वाद होतो. आमच्या आईच्या काळात तो नव्हता. लोकवन गहू यायचा, गच्चीवर चादरींवर पसरला जायचा, मग एरंडेल चोळून कोठीत. ज्वारीत कडुलिंबाचा पाला. आता फ्लॅटमध्ये कोठी ठेवायची कुठे, हा प्रश्न. १९१३ साली फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनियरने नेमकं याचंच सूत्र मांडलं, धान्यासाठी नव्हे, कारखान्यातल्या सुट्या भागांसाठी. वारंवार आणलं तर दर खेपेचा खर्च, एकदम भरलं तर साठवणुकीचा. रिक्षा, हमाली, निवडणं एकीकडे. अडकलेले पैसे, जागा आणि पोरकिडे दुसरीकडे. दोन्ही खर्च समसमान होतात तिथे योग्य माप. गंमत अशी की त्या मापाच्या दीडपट माल भरला तरी हा खेपांचा आणि साठवणुकीचा मिळून खर्च साधारण ८ टक्क्यांनीच वाढतो. दुप्पट भरला तर २५ टक्क्यांनी. म्हणजे नवरा-बायकोने अर्धा मे महिना ज्यावर वाद घालावा इतका फरक त्यात नाहीच.

हे केपलरला फार आधी दिसलं होतं. ग्रहांच्या कक्षा शोधणारा हा माणूस १६१३ साली लिंझजवळच्या एफरडिंग गावी दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला. त्याआधी त्याने अकरा स्थळं पाहिली, त्यांचे गुणदोष तपासले, आप्तांचे सल्ले ऐकले आणि शेवटी पाचवी मुलगी पसंत केली. ग्रहांपेक्षा हे गणित त्याला अवघड गेलं असावं. लग्नाच्या वेळी दारूची पिंपं घेतली, तर विकणाऱ्याने मधल्या भोकातून काठी तिरपी खुपसली, ती किती भिजली ते पाहिलं आणि किंमत सांगितली. केपलरला शंका आली. उंच-बुटक्या सगळ्या पिंपांना एकच काठी कशी चालेल? दुसरा कुणी घासाघीस करून गप्प बसला असता. यांनी १६१५ साली त्यावर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. त्यात निघालं असं की ऑस्ट्रियातल्या पिंपांचा आकार त्या काठीच्या मापाला जवळजवळ सर्वांत जास्त दारू मावणारा आहे आणि त्या आकाराच्या आसपास थोडं इकडेतिकडे झालं तरी मापात जाणवेल असा फरक पडत नाही. सर्वोत्तम हे कळसूबाईच्या टोकासारखं नसून कासच्या पठारासारखं असतं, पाय चार पावलं चुकला तरी माणूस वरच राहतो. पिंपं बनवणाऱ्या कारागिरांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि काही अडलंही नव्हतं.

आकड्यांचा सर्वांत शहाणा उपयोग मात्र मी वाचला तो दिल्लीतला. सी. आर. राव या संख्याशास्त्रज्ञांनी तो सांगितला आहे. १९४७ च्या दंगलींत जीव वाचवायला हजारो लोकांनी लाल किल्ल्यात आसरा घेतला. त्यांना जेवू घालायचं सरकारने, पुरवठा करायचा कंत्राटदारांनी. आत माणसं किती हे बाहेरच्या कुणाला मोजता येत नव्हतं आणि बिलं तर वाढत चालली होती. संख्याशास्त्रज्ञांना बोलावलं. त्यांच्या हाती होती फक्त तांदूळ, डाळ आणि मीठ यांची बिलं, आणि माणशी रोज किती लागतं याचे आधीच्या पाहण्यांतले आकडे. भागाकार केला तर तिन्हींची उत्तरं वेगळी. तांदळावरून सर्वांत जास्त माणसं, मिठावरून सर्वांत कमी. तांदूळ महाग, तिथे आकडा फुगवण्यात फायदा. मीठ इतकं स्वस्त की त्यात खोटं लिहून मिळणार काय? मिठाचा आकडा धरला गेला. हुमायूनच्या मकबऱ्यात आसऱ्याला असलेल्यांची साधारण संख्या ठाऊक होती, तिथे हीच रीत लावून पाहिली, तर ती बरोबर ठरली. कंत्राटदार दुसऱ्या कशाला नाही, पण मिठाला जागला होता.

ही गोष्ट मी भाच्याला सांगितली तेव्हा त्याच्या डोळ्यांत चमक आली. आमच्या वाण्याची बिलं मामी एका खिळ्याला अडकवून ठेवते. ती काढून तो आमच्या घरातलं मीठ शोधायला बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "मामी, चहापत्ती दर महिन्याला तेवढीच येते, पण उन्हाळ्यापासून साखर जवळजवळ दीडपट झालीय. चहा गोड झालाय का?"

चहा गोड झाला नव्हता. सगळ्यांची नजर आरामखुर्चीकडे वळली. अण्णांना डॉक्टरांनी साखर बंद केली ती उन्हाळ्यातच.

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि नातवाला शांतपणे विचारलं, "मुंग्यांचा रकाना घातलायस का तुझ्या तक्त्यात?"