ड्राफ्टपंडित

ऑगस्ट लागला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत गणपतीची तयारी सुरू होते आणि आमच्या मित्रमंडळींत ड्राफ्टपंडिताचं बोलणं. बोलणं म्हणजे गुडघे, घोटे आणि मांडीचे स्नायू. त्यातलं काहीही त्याचं स्वतःचं नसतं. त्याच्या गुडघ्याला डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम कधीचे बंद पडलेत. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या रनिंग बॅकची पोटरी आज सरावात दुखली की नाही, हे त्याला रात्री साडेअकराला ठाऊक असतं आणि पावणेबारापर्यंत आम्हालाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फॅन्टसी फुटबॉल म्हणजे घरबसल्या संघमालक होणं. बारा मित्र जमतात, एनएफएलचे खेळाडू आपसांत वाटून घेतात (हाच ड्राफ्ट) आणि त्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यात जे केलं त्याचे गुण आपल्या खात्यात जमा होतात: टचडाउनला सहा, पळून काढलेल्या दर दहा यार्डांना एक. ड्रीम इलेव्हनमध्ये कोहली लाखो लोकांच्या संघात असू शकतो. इथे एक खेळाडू लीगमध्ये एकाचाच. त्यामुळे कोण कोणाला आधी उचलतो, यावर मैत्र्या ताणल्या जातात. पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसरीत बारा ते एक असा क्रम उलटत जातो. पहिला नंबर लागलेल्याला एकदा निवड केली की बावीस जणांची निवड होईपर्यंत नुसतं बघत बसावं लागतं.

ही कल्पना ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांची. १९६२ साली संघ न्यूयॉर्कला गेलेला असताना त्यांनी हॉटेलात बसून आणखी दोघांच्या मदतीने नियम बांधले आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये स्वतःच्या घरी पहिला ड्राफ्ट घेतला. १९६२ च्या त्या हंगामात रेडर्स १४ पैकी १३ सामने हरले होते. खरा संघ असा असला की माणूस दुसरा संघ मनाने रचणारच.

पण विंकेनबाख यांनाही पंडिताइतकी तयारी करावी लागली नसेल. खेळाडूची चौकशी तो मुलीसाठी स्थळ बघणाऱ्या काकांसारखी करतो. वय किती, आधी कुठे होता, कोच कसा आहे, पुढे उभे राहणारे लाइनमन धड आहेत ना, मागे काही दुखणंबिखणं? मग सगळं तक्त्यात चढतं. हिरवा रंग म्हणजे घ्यायचा, पिवळा म्हणजे दुसऱ्याला घेऊ द्यायचा, लाल म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा.

ड्राफ्टच्या रात्री आम्ही कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमतो. पिझ्झा असतो, चिवडा असतो, भिंतीवर बारा रकान्यांचा मोठा कागद असतो. बाकीचे हात हलवत येतात. पंडित दोन लॅपटॉप आणतो आणि वायफाय गेलं तर असावी म्हणून तक्त्याची छापील प्रतही. प्रत्येक निवडीला नव्वद सेकंद मिळतात. जूनमध्येच पक्क्या केलेल्या खेळाडूचं नाव तो अठ्ठ्याऐंशीव्या सेकंदाला उच्चारतो. दुसऱ्यांच्या निवडींवर त्याचे तीन शेरे ठरलेले आहेत: ‘हं’, ‘धाडस आहे’ आणि ‘छान’. यातल्या ‘छान’ची आम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटते. कोणी आठव्या फेरीत किकर घेतला, तर शेरा न देता तो उठून पाणी प्यायला जातो.

रात्री बारापर्यंत त्याचा संघ कागदावर अजिंक्य असतो. मग सप्टेंबर येतो आणि खेळाडू प्रत्यक्ष खेळायला लागतात. पंडिताच्या दृष्टीने घोळ इथूनच सुरू होतो.

२०२३ साली त्याने शेवटच्या फेऱ्यांत, सगळा हिशेब करून, न्यूयॉर्क जेट्सचा नवा क्वार्टरबॅक एरन रॉजर्स घेतला. ११ सप्टेंबरला, आमच्याच न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियममध्ये, चौथ्याच डावपेचाला रॉजर्सचा अकिलीस टेंडन तुटला आणि हंगाम संपला. त्याच सुमारास लॉस एंजेलिस रॅम्सचा पुका नाकुआ नावाचा नवखा पोरगा कोणीही न घेतलेला, फुकट उपलब्ध होता. ‘एनएफएलच्या संघांनीही त्याला पाचव्या फेरीपर्यंत उचललं नव्हतं, आठवड्याभराचं कौतुक,’ पंडित म्हणाला. नाकुआने त्या हंगामात १०५ झेल आणि १,४८६ यार्ड असे नवख्यांचे दोन्ही विक्रम केले. पुढच्या वर्षी पंडिताचा पहिला नंबर लागला. पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते त्याने. त्याने क्रिस्चन मॅकाफ्री घेतला. मॅकाफ्री त्या हंगामात चार सामने खेळला.

या प्रत्येक वेळी त्याचं एकच म्हणणं: ‘निकाल बाजूला ठेव. पद्धत बरोबर होती की नाही, तेवढं सांग.’ हरणं त्याला चालतं. चुकणं चालत नाही. जो जिंकतो त्याला ‘नशीब’ म्हणायचं आणि स्वतः हरला तर ‘दुखापती’, असा त्याचा शब्दकोश आहे.

एका निवडीबद्दल मात्र तो गप्प असतो. सेक्वॉन बार्कली पंडिताच्या लाडक्या न्यूयॉर्क जायंट्सना सोडून २०२४ मध्ये त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांकडे, फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. तक्त्यात बार्कलीचं नाव हिरव्या रंगात, अगदी वर होतं. त्या वर्षी मॅकाफ्रीनंतर पंडिताची पुढची पाळी आली, त्याने नव्वद सेकंद भिंतीकडे बघितलं आणि दुसऱ्याचंच नाव घेतलं. ईगल्सचा माणूस आपल्या संघात? छे! बार्कलीने त्या हंगामात २,००५ यार्ड पळून काढले. एवढी आकडेमोड करणारा माणूस शेवटी रागालोभाने चालतो, हे त्या दिवशी कळलं आणि खरं सांगायचं तर तो आम्हाला तेव्हापासून जास्त आवडायला लागला.

तुम्हाला कधी अशा लीगचं आमंत्रण आलं तर जरूर जा, फक्त दोन पथ्यं पाळा. किकर शेवटच्या फेरीत घ्या. आणि ऑक्टोबर लागल्यावर पंडिताला ‘काय, कसा चाललाय संघ?’ असं चुकूनही विचारू नका. विचारलंत, तर तो सांगेल.