अर्क प्या, रस्सा चालू ठेवा

कोल्हापुरात सध्या प्रत्येक कट्ट्यावर सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचला जातो. निष्कर्ष ठरलेला: फॅटी लिव्हर. "तुझं ग्रेड वन? माझं टू हाय भावा!" कोल्हापूरकर कशातच मागे राहत नाही.

डॉक्टर सांगतात, वजन ७ ते १० टक्के उतरवा, यकृतावरची चरबी उतरेल. हा सल्ला फुकट आणि खात्रीचा, त्यामुळे कुणाला पटत नाही. लगेच विचारणा होते, "एखादा झाडपाला सांगा की!"

झाडपाल्याला तोटा नाही. कुटकी आहे, पुनर्नवा आहे, काडेकिराईत आहे. भुईआवळा तर करवीर तालुक्यात पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवतो. बाप तो तण म्हणून खुरप्यानं उपटून टाकतो आणि पोरगा शहरात त्याच्याच अर्काची बाटली विकत घेतो. कुटकी बिचारी हिमालयातली. ती इतकी ओरबाडली गेली, की १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. आमच्या पांढऱ्या रश्श्यावर मात्र अजून कसलेच नाहीत.

या वनस्पतींत काहीच नाही, असं विज्ञानही म्हणत नाही. उंदरांना आठवडेच्या आठवडे चरबीयुक्त खाणं घातलं, मग अर्क पाजला, आणि यकृत सुधारलं, असे प्रयोग बरेच झालेत. माणसांवरचे मोठे, भक्कम अभ्यास मात्र मोजकेच. शिवाय उंदराला समोर येईल ते खावं लागत होतं. आपण रांग लावून, वाढीव रस्सा मागून खातो.

शाकाहाऱ्यांनीही मिशीवर ताव देऊ नये. जास्तीची साखर यकृतात चरबी होऊनच बसते, आणि उसाच्या जिल्ह्यात साखर कमी पडल्याचं ऐकिवात नाही.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालय म्हणालं, वेल ओळखण्यात चूक झाली असेल. वाद कुणीही जिंको. बाटलीत नेमकी कुठली वेल आहे, हे गिऱ्हाईकाला कुठं कळतं? आणि अर्क पचवायचं काम शेवटी त्याच थकलेल्या यकृताकडं.

"आमच्या आज्यानं हेच खाल्लं, त्याला काय झालं?" हा आमचा हुकमी डाव. आज्जा गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायचा, मटण हाणायचा, हे खरं. पण पहाटे तालमीत लाल मातीत घामही गाळायचा. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारलं ते कुस्तीसाठी. आम्ही वारसा नीट वाटून घेतला: खुराक ठेवला, जोर-बैठका सोडल्या.

म्हणून आमची एक सूचना. अर्काची बाटली घरात ठेवूच नये. ती जोतिबाच्या डोंगरावर ठेवावी आणि रोज पायथ्यापासून चालत जाऊन एक चमचा घ्यावा. सहा महिन्यांत हमखास गुण येईल. जाहिरातीत श्रेय अर्थातच अर्कालाच द्यावं. डोंगराला कमिशन मिळत नाही.