ओगर म्हणे वाऱ्याने पडला!

अहो, ऐकलंत का? या, जरा कुंपणाजवळ या, मोठ्याने बोलायची सोय नाही. शनिवारी वहिनींच्या हॉलमध्ये पोरांचं डी अँड डी रंगलं होतं ना, तिथे त्यांच्या धाकट्याने असे काही दिवे लावले... आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, कोण, तर कोपऱ्यावरच्या बंगल्यातला तो. स्वतःला फार शहाणा समजतो, तोच!

सुरुवातच बघा. गॉब्लिन आले तशी धाकट्याच्या विझर्डने ‘मायनर इल्यूजन’ टाकली आणि खोक्यात लपला. खोकं कसलं, नुसतं दिसायला! पाच फुटी, मिनिटभर टिकणारं. डीएम म्हणतो, “गॉब्लिनला कळलं.” पोरगं उसळलंच. “कसं कळलं? आधी त्याची ॲक्शन घालव, इन्व्हेस्टिगेशनचा फासा टाक!” बरोबरच आहे हो. तिथे संशय काही फुकट येत नाही, निरखत बसलं की वार करायची संधी गेली. हां, बाण आरपार गेला असता तर बिंग फुटलंच असतं, पण मारलाय कुणी बाण?

मग काय, याला चढला जोर. म्हणे त्याच स्पेलने मशाल करतो, गुहेत उजेड पाडतो! डीएमने पुस्तकच पुढे सरकवलं. त्या चित्राला उजेड नाही, आवाज नाही, वास नाही. धाकट्याचं तोंड असं एवढंसं झालं... वहिनी पोहे घेऊन आल्या, तर बघेना.

तर काय सांगत होते? हां, ओगर! मध्ये दरी, पलीकडे ओगर. धाकट्याने हळूच ‘फँटॅझमल फोर्स’ काढलं. दरीवर दहा फुटी पूल, आणि दिसणार कुणाला, तर एकट्या ओगरला! वाचायला हवे होते 13, पण ओगरची बुद्धी 5, म्हणजे फाशातून 3 वजा. पडले 9. गेला की हो कामातून! टाकलं पाऊल आणि थेट खाली.

बरं, पडल्यावर तरी शहाणपण यावं? छे! नियमातच लिहिलंय, पूल खोटा होता हे त्याला पटतच नाही. कुणीतरी ढकललं म्हणेल, पाय घसरला म्हणेल, वारा सुटला म्हणेल. डीएमलाच ओगरच्या आवाजात म्हणावं लागलं, “फार वारा आहे इथे.” आठवडाभर खपून आखलेली लढाई दरीत! चेहरा बघायला हवा होता तुम्ही...

वहिनींचे दीर अमेरिकेत जुने नियम खेळलेले. 1978 च्या पुस्तकात इल्यूजनिस्ट हा वेगळा क्लासच होता ना, ते गालात हसत म्हणाले, “भांडणं तेव्हाही हीच.”

म्हणून सांगते, तुमची लेक पुढच्या शनिवारपासून जाणार आहे ना? गॉब्लिनला संशय केव्हा येतो, हे आधी डीएमकडून कबूल करून घे म्हणावं. तोवर भ्रमाच्या स्पेलला हात लावू नको, सरळ फायरबॉलची वाट धर. आणि हो, हे मी सांगितलं म्हणून बोलू नका हं!