लाकूड आवडलं म्हणे!

अहो, ऐकलंत का? इकडे या जरा, पेरूच्या झाडाखाली. तुम्ही आहात तिथं उभं राहून बोललं की वरच्या मजल्यावर सगळं ऐकू जातं. तर आमच्या लेकीच्या शेजाऱ्यांनी शेवटी बंदूक घेतली! हो, तेच ते, प्रिटोरियाचे. मी निघायच्या आदल्या आठवड्यात ठरलं. कोणती घेतली ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बरं मग? पण ती का घेतली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. मलाच काय ते…

थांबा, मुळापासून सांगते.

जोडपं सत्तरीला टेकलेलं, घरात आफ्रिकान्स बोलणारं. तिकडे आपल्यासारखंच आहे बरं का, मोठ्यांना नावानं हाक मारत नाहीत. पुरुषाला ‘ऊम’, बाईला ‘तान्नी’. म्हणजे आपलं काका आणि मावशी. नात पहिल्या दिवशी कुंपणाशी जाऊन ‘ऊम, ऊम’ करायला लागली, तर मला वाटलं पोरीला ओंकार कुणी शिकवला! मग मीही नातीच्या नात्यानं ऊम आणि तान्नीच म्हणायला लागले. तिकडच्या भिंतींवर विजेच्या तारा, हात टेकायची सोय नाही. पण मागच्या बाजूला लिंबाच्या झाडाखाली लोखंडी गजांचं कुंपण होतं, तिथं तान्नींचं आणि माझं दुपारी तीनचं ठरलेलं. दोघींचं इंग्लिश सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं.

शिकारीचं म्हणाल तर तिकडे त्यात चोरटं काही नाही. थंडीत, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, माणसं रानात, बुशवेल्डात जातात, कुडू नाहीतर इलंड असली मोठी हरणं मारून आणतात आणि वर्षभराचं बिल्टाँग, म्हणजे मांसाच्या पट्ट्या, वाळत घालतात, आपण सांडगे घालतो तसं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हटलं की भुवया वर जातात, पण मी पडले कोल्हापूरची. न्यू पॅलेसमधले ते पेंढा भरलेले वाघ लहानपणी किती वेळा बघितलेत! त्यामुळे मला काही धक्काबिक्का बसला नाही. तान्नींना तेवढं सांगून टाकलं, मी शाकाहारी आहे, पण ऐकायला मला सगळं चालतं.

तर काय सांगत होते… हं, बंदुकीचं. ऊमांकडे साध्या बोल्टच्या रायफली आहेत दोन. पण आयुष्यात एकदा दुनळी रायफल घ्यायची, हा त्यांचा ध्यास. नुसती शोभेची नाही हो ती. तिच्यात दोन नळ्या, दोन चाप, आतली यंत्रंही दोन. एक गोळी चुकली तर दुसरी लगेच, मध्ये बोल्ट मागेपुढे करायचा खटाटोप नाही. आपल्या कॉर्बेटसाहेबांकडेही जेफ्रीची दुनळी होतीच की. पण किंमत! एका बऱ्यापैकी मोटारीएवढी. जुना कॅरव्हॅन विकला त्यासाठी, आणि तान्नींनी हूं की चूं केलं नाही.

काडतूस ठरलेलं होतं: नऊ पॉइंट तीन, पुढे चौऱ्याहत्तर, आणि शेवटी आर. १९०० च्या सुमाराचं जर्मन काडतूस. आर म्हणजे बुडाला काठ असलेलं. दुनळी उघडली की तो काठ धरूनच रिकामं काडतूस वर ढकललं जातं, म्हणून दुनळीला काठवालं बरं. आणि गोळी केवढी असेल? साडेअठरा ग्रॅम! दीड तोळ्याच्या वर! मी हातावर घेऊन बघितली ना. म्हटलं, एवढ्या वजनाची तर मला लग्नात पाटली नाही घातली कुणी. तान्नी अशा हसल्या…

आता यात बिब्बा घालायला हजर कोण? मेहुणा! तान्नींचा धाकटा भाऊ. दर रविवारी ब्राय, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजायचं, आणि दर रविवारी हा माणूस चिमटा हातात घेऊन व्याख्यान देणार. आधी म्हणाला, घ्यायचीच तर पॉइंट तीन पंचाहत्तर घ्या, हॉलंड अँड हॉलंडची, १९१२ पासून चाललीय, आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत गव्याला किमान तेवढी लागतेच. गवा म्हणजे त्यांची ती शिंगांचा भांग पाडलेली केप बफेलो, आपल्या दाजीपूरचा नव्हे. ऊम शांतपणे म्हणाले, मला गव्यामागे जायचंच नाही, मला इलंड पुरे. तो विषय तिथं मिटला. मग सुरू झालं खरं भांडण. मर्केल की क्रीगहॉफ?

मी आधी विचारलं, मर्केल म्हणजे त्या जर्मनीच्या बाईंचे का कुणी? तर सगळे माझ्याकडे बघायलाच लागले. जाऊ दे ते.

पण या दोन घराण्यांची गोष्ट तुम्हाला आवडेल. दोघंही एकाच गावचे. गावाचं नाव झूल! खरंच, अगदी पोळ्याला बैलावर घालतो ना, तस्संच म्हणतात. थुरिंगियातलं शेकडो वर्षांचं बंदूकवाल्यांचं गाव. क्रीगहॉफ तिथं १८८६ पासून, मर्केल भाऊ १८९८ पासून. मग दुसरं महायुद्ध झालं, आधी अमेरिकन आले, १९४५ च्या जुलैत रशियन आले. क्रीगहॉफांनी चंबूगबाळं आवरलं आणि पश्चिमेला उल्मला जाऊन नव्यानं मांडामांड केली. मर्केलचा कारखाना राहिला तिथंच, सरकारी झाला, पूर्व जर्मनीत चाळीस वर्षं बंदुका करत बसला. हाइम म्हणून तिसरं घराणं, तेही झूलचंच, तेही पश्चिमेला गेलं आणि जर्मनी एक झाल्यावर थुरिंगियात परत आलं. म्हणजे एकानं घर सोडलं, एकानं धरून ठेवलं, एक जाऊन परत आलं. कुठल्याही वाड्याची हीच कथा की हो!

तर ऊम क्रीगहॉफचे. आणि तान्नीसुद्धा. का, तर ती क्रीगहॉफ भरून हातात धरली तरी आत निजलेली असते. नेहमीच्या बंदुकीत काय होतं, उघडून मिटली की आतली स्प्रिंग ताणली जाते आणि सेफ्टी नुसता चाप अडवून धरते. ताण असतोच. मर्केलचंही तसंच, जुन्या इंग्लिश पद्धतीचं. क्रीगहॉफमध्ये मात्र सेफ्टीच्या जागी एक जाड खटका असतो. तो अंगठ्यानं जोरात पुढं रेटायचा, तेव्हा कुठं स्प्रिंगा ताणल्या जातात. गोळी नाही झाडली तर परत उतरवून ठेवायचा. तारेखालून जा, बक्कीत चढा, बक्की म्हणजे त्यांचा टेंपो हो, बंदूक झोपलेलीच. तान्नी म्हणायच्या, ‘घरात नातवंडं आहेत, मला झोपलेलीच हवी.’ दर रविवारी हेच वाक्य, भावाच्या तोंडावर.

आणि भाऊ म्हणायचा, ‘चाळीस वर्षं ज्या अंगठ्याला सेफ्टीची सवय आहे, तो ऐन वेळी काय करेल? जे सवयीचं आहे तेच करेल. आणि बंदूक वाजणारच नाही.’ मला विचाराल तर त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. पण सांगायची पद्धत अशी, की माणसाला चूक ठरवावंसंच वाटावं.

नळ्यांवरूनही जुंपली एकदा. तुम्हाला वाटेल, दोन नळ्या शेजारी ठेवल्या की झालं. छे! दोन जावा एका घरात आणून एका तोंडानं बोलायला लावायचं असतं ते. एका विशिष्ट काडतुसानं, ठरावीक अंतरावर, कारागीर गोळ्या झाडून बघतो. कुठं फाकताहेत, कुठं एकमेकींना छेदताहेत, ते बघून नळ्यांमधली पाचर हलवतो, पुन्हा झाडतो, दोन्ही गोळ्या एका जागी येईपर्यंत. मग घरी येऊन तुम्ही दुसऱ्याच कंपनीचं काडतूस घातलंत की जावा पुन्हा दोन दिशांना! म्हणून घेताना आधी विचारायचं, ही कुठल्या काडतुसावर जुळवलीय? मर्केलच्या नळ्या डाख लावून पक्क्या केलेल्या. क्रीगहॉफची तोंडाजवळची पाचर मागाहून सरकवता येते. यावर ऊम म्हणाले, ‘बघ, हे दूरदृष्टीचं काम.’ मेहुणा म्हणाला, ‘जुळलेलं पुन्हा पुन्हा हलवायचंच कशाला?’ तान्नी उठून सॅलड आणायला गेल्या. सॅलड टेबलावरच होतं.

मग तो शनिवार. मलाही नेलं हो दुकानात! काउंटरवर हिरवं मऊ कापड अंथरलेलं, त्यावर दोघी शेजारी शेजारी. दुकानदार ऊमांशीच बोलतोय, आम्ही दोघी जणू त्यांच्या पिशव्या. आधी मर्केल. ऊमांनी डोळे मिटले, दस्ता खांद्याला लावला, डोळे उघडले. असंच बघतात म्हणे, उघडल्या उघडल्या माशी थेट खाचेत दिसली पाहिजे. दिसली. मग क्रीगहॉफ. तीही बसली खांद्याला. दुकानदार म्हणाला, ‘आता अंगठ्यानं पुढं घ्या.’

ऊमांनी रेटलं. थोडं सरकलं, परत आलं. पुन्हा रेटलं. हसले, म्हणाले नवी आहे, घट्ट आहे. तिसऱ्यांदा डाव्या हाताचा तळवा लावला, तेव्हा कुठं टक्क झालं. दुकानदार छताकडे बघत होता. मला काही कळलं नाही, मी आपली त्या नक्षीतली हरणं बघत होते.

आणि एकदम तान्नी म्हणाल्या, ‘मला ही दुसरी आवडली. मर्केल.’

अहो, चेहरा बघायला हवा होता ऊमांचा! सहा महिने जी बाई झोपलेली, झोपलेली म्हणत होती, ती… त्यांनी विचारलं, का गं? तर म्हणाल्या, ‘लाकूड बघ ना तिचं. मधासारखं आहे. ही आपल्या हॉलमध्ये किती छान दिसेल.’ हॉलमध्ये! तिकडे बंदूक लोखंडी तिजोरीत कुलूपबंद ठेवावी लागते, कायदा आहे. हॉलमध्ये कुठली दिसतेय! पण ऊम मिनिटभर गप्प उभे राहिले आणि म्हणाले, ठीक आहे, तुला आवडली तर हीच घेऊ. खांदे कसे एकदम सैल झाले त्यांचे.

रविवारी मेहुण्याचा काय तोरा! ‘शेवटी ऐकलंस ना माझं? आणि कशासाठी, तर लाकडासाठी! बायकांना बंदुकीतलं काय कळतं.’ तान्नी गप्प. ऊमही आपल्याच बायकोला हसले थोडेसे. मला तर इतका राग आला, म्हटलं सोमवारी विचारतेच.

तर सोमवारी तीन वाजता कुंपणाशी त्या नेहमीसारख्या जर्दाळूच्या जॅमची बाटली घेऊन आल्या. मला द्यायला. झाकण मला उघडेना. त्यांनी माझ्या हातातून घेतली, उघडली, आणि म्हणाल्या, ‘घरातल्या सगळ्या बाटल्यांची झाकणं मी पहाटेच सैल करून ठेवते. मग तो न्याहारीला येतो आणि उघडतो.’ दोन वर्षं झाली म्हणे. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात. थंडीत शर्टाची बटणंसुद्धा… आणि शिकार तर थंडीतलीच ना! डॉक्टरचं नाव काढलं की चिडतात. त्यांना वाटतं, बायकोला ठाऊक नाही.

मी विचारलं, आणि ती भरलेली बंदूक, नातवंडं? म्हणाल्या, ‘मुलं आली की काडतुसं मी माझ्या कपाटात ठेवीन. आणि शेतावर तार ओलांडताना काडतुसं काढायची, एवढं मात्र त्याच्याकडून वदवून घेतलंय. लाकडाची शपथ घालून.’ आणि भाऊ? तर खांदे उडवले, म्हणाल्या, ‘त्याला जिंकू दे की एकदा.’

बंदूक अजून दुकानदाराच्याच तिजोरीत आहे. तिकडे प्रत्येक बंदुकीला वेगळा परवाना, त्याचा अर्ज पोलिसांकडे गेलाय. तोवर दोघं जानेवारीत इकडे येताहेत, कोल्हापूर बघायचंय त्यांना, मीच बोलावलंय. तुमच्याकडे एकदा चहाला आणीन. ऊम बंदुकीचा फोटो दाखवतीलच, मोबाइलमध्ये तोच लावलाय. तेव्हा अंगठ्याकडे बघू नका, बिस्किटाचा डबा आधीच उघडून ठेवा, आणि एवढंच म्हणा, वा, लाकूड काय सुंदर आहे हो!