काउंटचीही बाजू आहे

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त एक प्रसंग आहे, भयकथांचे भक्त ज्याची आठवण सहसा काढत नाहीत. ट्रान्सिल्व्हेनियातल्या वाड्यात अडकलेला जोनाथन हार्कर दाराच्या फटीतून डोकावतो, तर काउंट ड्रॅक्युला जेवणाचं टेबल मांडतोय. त्याआधी पाहुण्याचं अंथरूण घालतानाही तो दिसलेला असतो. वाड्यात नोकरचाकर कोणीच नाही हे हार्करला तेव्हा उमगतं. म्हणजे मग घाटातून आपल्याला घेऊन आलेला गाडीवानही हाच! हार्करची पाचावर धारण बसते, ते रास्तच आहे. पण त्या उमरावाचाही क्षणभर विचार करावा. शतकानुशतकं माणसांचं रक्त पिणारा, लांडग्यांना हुकूम सोडणारा हा गृहस्थ गाडी हाकतो, ताटं मांडतो, चादरी घालतो आणि वर घरात गडीमाणसांचा राबता असल्याचा देखावा करतो. विनोदाचं हे भांडवल १८९७ पासून पडून होतं. जेमेन क्लेमंट आणि टायका वायटिटी या न्यूझीलंडच्या जोडगोळीने २०१४ मध्ये 'व्हॉट वी डू इन द शॅडोज' हा चित्रपट काढून ते व्याजासकट वसूल केलं.

चित्रपट दिसायला माहितीपटासारखा. वेलिंग्टनमध्ये चार व्हॅम्पायर एक घर वाटून राहतात आणि एक चित्रीकरण पथक त्यांच्या मागे मागे फिरतं. ३७९ वर्षांचा व्हियागो नीटनेटका आणि सोशिक; ८६२ वर्षांचा व्लादिस्लाव एके काळचा क्रूरकर्मा, आता प्रेमभंगाने खचलेला; १८३ वर्षांचा डीकन म्हणजे घरातलं उनाड पोर. तळघरात आठ हजार वर्षांचा पीटर. त्याचं टक्कल आणि पुढचे दात १९२२ च्या 'नॉस्फेरातू'वरून घेतलेले. तो बोलत नाही, आणि घरकामाच्या वाटणीत त्याला कोणी धरतही नाही. सुरुवातीलाच घरात बैठक बसते. विषय एकच: भांडी घासायची पाळी डीकनची आहे आणि त्याने पाच वर्षांत एकाही भांड्याला हात लावलेला नाही. मोरीत रक्ताने माखलेल्या भांड्यांचा डोंगर साचलाय. डीकनचं म्हणणं, व्हॅम्पायर भांडी घासत नसतात. मुद्दा तात्त्विक आहे आणि कामचुकार माणसाचे मुद्दे नेहमी तात्त्विकच असतात.

हा चित्रपट लोकांना का आवडतो, याचं सोपं उत्तर म्हणजे विडंबन: भीतीदायक गोष्टीची खिल्ली उडवली की हसू येतं. मला हे उत्तर पटत नाही. खिल्ली उडवायला आधी नियम मोडावे लागतात आणि इथे एकही नियम मोडलेला नाही. आमंत्रणाशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही ना? मग वेलिंग्टनच्या क्लबांच्या दारात हे नटूनथटून उभे राहतात आणि दारावरच्या दांडगोबाने 'आत या' म्हणावं म्हणून अजिजी करतात. आरशात प्रतिबिंब पडत नाही ना? मग बाहेर पडण्याआधी आपण कसे दिसतो, हे एकमेकांना विचारण्यावाचून गत्यंतर नाही. विडंबनकार नियमाकडे बघून डोळा मारतो. हे दोघे दिग्दर्शक नियम शब्दशः पाळतात आणि मग तो अमलात कसा यायचा एवढंच विचारतात. आपल्या वेताळाचंही तेच नाही का? राजा बोलला रे बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. तिथे सवलत नाही, सबब नाही. भूतयोनी ही मुळात अत्यंत कायदेशीर जमात आहे.

आणि माहितीपटाचं सोंगही वरून चिकटवलेलं नाही. स्टोकरची कादंबरी हेच सोंग घेऊन उभी आहे. तिच्यात डायऱ्या आहेत, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत, जहाजाची नोंदवही आहे. डॉक्टर सिवर्ड तर आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवतो. मीना हार्कर बिचारी हे सगळं टाइप करून क्रमवार लावते. माहितीपटाच्या संकलकाचं काम याहून वेगळं काय असतं? काउंट पन्नास पेट्या माती जहाजाने व्हिटबी बंदराला रवाना करतो, त्याचेही कागद आहेत. या एवढ्या दप्तरात साक्ष नाही ती फक्त एकाची. काउंटने लिहिलेलं एकही प्रकरण नाही. सगळे फिर्यादी बोलले, आरोपीला कोणी विचारलंच नाही. या चित्रपटाची खरी करामत हीच, की त्याने आरोपीच्या पुढे माइक धरला. आता माइक मिळाल्यावर तो अंधार, अनंत आणि पाप यांवर बोलेल अशी आपली अपेक्षा. तो बोलतो खरकट्या भांड्यांवर, कारण अमर माणसाच्या वाट्याला मरण येत नसलं तरी भांडी येतातच. व्हियागो प्रेयसीच्या मागोमाग शवपेटीतून न्यूझीलंडला निघाला, पण नोकराने पेटीवर टपाल हशील चुकीचं लावलं. पेटीला पोहोचायला दीड वर्ष लागलं आणि तोवर प्रेयसीचं लग्न झालेलं. स्टोकरच्या पन्नास पेट्या सुखरूप पोहोचल्या होत्या. सगळ्यांचं टपाल तसं नशीबवान नसतं.

यावर एक आक्षेप येतो की हा सगळा एकच विनोद आहे, दहा मिनिटांत संपावा असा. २००५ मध्ये याच कल्पनेवर या जोडीने लघुपट केला होता, तेव्हा हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण लांबी इथे कामाला येते. कलाकारांच्या हाती संहिता न देता, प्रसंग सांगून त्यांना बोलू दिलं आणि शंभराहून अधिक तासांचं चित्रीकरण कापून दीड तासाच्या आत बसवलं. पडद्यावर माणसं वाक्यं म्हणत नाहीत, अडखळतात. स्टू नावाचा कॉम्प्युटरवाला यांच्या घरात येतो आणि फारसं न बोलता सगळ्यांचा लाडका होतो. त्याने यांना इंटरनेटवर सूर्योदय दाखवला. शतकांनंतरचा पहिला सूर्योदय, तोही लॅपटॉपवर. हे दहा मिनिटांत मावत नाही.

दुसरा आक्षेप जड आहे: यात माणसं मरतात आणि आपण हसतो. खरं आहे. व्हियागो एका तरुणीला घरी बोलावतो. तिची ही शेवटची संध्याकाळ, तेव्हा ती तरी छान जावी असा त्याचा प्रामाणिक हेतू. तो तिला पुढचे बेत विचारतो, ती उत्साहाने सांगत राहते. सांगता सांगता तो जमिनीवर वर्तमानपत्रं पसरतो, सोफ्यावर डाग नकोत म्हणून. मग चावा चुकून मुख्य धमनीवर बसतो आणि कारंजं उडतं. गळ्यात क्रूस घालून सुरक्षित असलेलं चित्रीकरण पथक हे मुकाट टिपतं, कोणीही मध्ये पडत नाही. इथे हसू घशात अडकतं आणि दिग्दर्शकांनी ते अडकू दिलंय. व्हियागो दुष्ट नाही, हीच त्या प्रसंगातली भीती. लांब सुळ्यांच्या सैतानापासून पळता येतं. सोफ्याची काळजी घेणाऱ्या सज्जनापासून पळायचं कधी, हे कळत नाही.

पुढे २०१९ मध्ये हीच कल्पना अमेरिकेत स्टेटन आयलंडवर जाऊन मालिका झाली आणि सहा पर्वं चालली. तिथल्या बिऱ्हाडात कॉलिन रॉबिन्सन नावाचा एक नवा प्राणी आहे. तो रक्त पीत नाही. तो समोरच्याला इतकं पकवतो की त्या माणसातलं त्राणच निघून जातं, आणि त्यावर कॉलिनचं पोट भरतं. उन्हाचा त्याला त्रास नाही, सुळे नाहीत, झगा नाही. अंगात बेज रंगाचा स्वेटर. शिकारीसाठी त्याने रीतसर ऑफिसात नोकरी धरली आहे.