दिवा बघायचा कोणी?

रे-बॅन मेटा चष्म्याच्या फ्रेमवर, काचेच्या कडेला, एक बारीक पांढरा दिवा असतो. तो लागला की समोरच्याने ओळखायचं, आपलं शूटिंग चाललंय. समोरच्या माणसाच्या खासगीपणासाठी कंपनीने केलेली मुख्य सोय ती एवढीच. मे 2025मध्ये हे चष्मे आपल्याकडे विक्रीला आले, किंमत 29,900 रुपयांपासून. कॅमेरा 12 मेगापिक्सेलचा. दांडीवरचं बटण दाबा नाहीतर नुसतं तोंडाने सांगा. चष्मा घेणाऱ्याने पैसे मोजले की त्याचं काम संपलं. बाकीच्यांनी मात्र भर उन्हात, भर गर्दीत, समोरून येणाऱ्या प्रत्येक गॉगलवर दिवा शोधत चालायचं. ही वाटणी मला साफ नामंजूर आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या लोकांनाही ती नामंजूर होती. 2013मध्ये गूगल ग्लास हा कॅमेऱ्याचा चष्मा निवडक लोकांच्या हाती आला, 1,500 डॉलरला. सर्वसामान्यांसाठी विक्री सुरू होण्याआधीच सिएटलमधल्या ‘फाइव्ह पॉइंट कॅफे’ने जाहीर करून टाकलं की तो घालून आत यायचं नाही. घालणाऱ्यांसाठी ‘ग्लासहोल’ ही शिवी रूढ झाली. जानेवारी 2015मध्ये गूगलने त्या आवृत्तीची विक्री थांबवली. महागडी किंमत आणि तुटपुंजी बॅटरी ही कारणं होतीच, पण घालणाऱ्याकडे लोक रोखून बघत, तोंडावर हटकत, याचाही त्यात मोठा वाटा होता.

हटकणं जमलं, कारण ती वस्तू डोळ्यांत खुपत होती. पुढच्या कंपन्यांनी नेमकी तीच अडचण दूर केली. कॅमेरा तसाच ठेवला आणि फ्रेम अशी निवडली की कोणाच्याही नाकावर सहज खपून जावी. रे-बॅन मेटा चष्म्यांचा खप फेब्रुवारी 2025पर्यंत 20 लाखांवर गेला होता. लोकांचा विरोध मावळला म्हणून हे झालं, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. जे दिसतच नाही, त्याला विरोध करायचा कसा?

दिव्याचंच घ्या. सप्टेंबर 2021मध्ये आधीचं मॉडेल बाजारात आलं, तेव्हा आयर्लंड आणि इटलीच्या नियामकांनी रोखठोक विचारलं होतं की एवढ्याशा दिव्याने लोकांना चित्रीकरण चालू आहे हे खरंच कळतं का? नंतर दिवा मोठा झाला. तो झाकला तर चित्रीकरण सुरूच होणार नाही, अशी व्यवस्थाही आली. ऑक्टोबर 2025मध्ये ‘404 मीडिया’ने बातमी दिली, की एक हौशी कारागीर साठ डॉलर घेऊन हा दिवा कायमचा बंद करून देतो. त्याच महिन्यात ‘युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ने आपल्या विद्यार्थ्यांना सावध केलं, कारण असा चष्मा घातलेला एक माणूस आवारात मुलींना गाठून नको ते बोलत होता आणि चित्रीकरण करत असावा असा संशय होता.

आणि नुसतं चित्रीकरण हा तर निम्माच धोका. 2024मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी याच चष्म्याला चेहरा शोधणारं संकेतस्थळ आणि एआय जोडून दाखवलं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे बघायचं, की काही क्षणांत त्याचं नाव, पत्ता, फोन नंबर हजर. त्यांनी धोका दाखवण्यासाठी हे केलं आणि आपला प्रोग्राम खुला केला नाही. पण वापरलेली सगळी सामग्री बाजारात मिळणारीच होती.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘फोन तर सगळ्यांकडेच आहे, नाक्यानाक्यावर सीसीटीव्ही आहे, मग चष्म्याचंच काय एवढं?’ फरक आहे आणि तो मोठा आहे. फोन वर उचलावा लागतो. लोकलच्या लेडीज डब्यात कोणी फोन रोखला तर चार जणी लगेच ‘ए, काय चाललंय?’ म्हणून अंगावर जातात. पदर सावरता येतो, तोंड फिरवता येतं, भांडता येतं. सीसीटीव्ही एका जागी असतो, त्याचा कोणीतरी धनी असतो, तक्रार कुठे करायची ते ठाऊक असतं. चष्म्यातला कॅमेरा आपल्याशी बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. दवाखान्यात आजार सांगताना, समुपदेशकाशी बोलताना, दुकानदाराला उधारी मागताना आपण ज्या डोळ्यांत बघतो, तिथेच तो बसलेला असतो. रस्त्यावर आपण चारचौघांना दिसतो, हे खरं. पण ते चारचौघे घरी पोचेपर्यंत आपल्याला विसरून गेलेले असतात, आणि आपला सार्वजनिक मोकळेपणा त्या विसरण्यावरच उभा आहे.

या चष्म्याचा एक उपयोग मात्र मी मनापासून मान्य करतो. ‘बी माय आइज’ ही सेवा त्यात जोडता येते; अंध माणसाला स्वयंसेवक किंवा एआय समोरची पाटी वाचून दाखवतो. त्यांच्यापुढे कोणी बंदीचा फलक आणून उभा करू नये. पण त्या क्षणापुरतं बघून सांगणं वेगळं आणि साठवून, काटछाट करून, रील टाकणं वेगळं. अंधांच्या गरजेची ढाल रीलवाल्यांनी पुढे करू नये.

आपला कायदा इथे तोकडा पडतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66ई कलम देहाच्या आणि एकांताच्या खासगीपणाला जपतात. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मुलीच्या चेहऱ्याला नाही. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 3मध्ये व्यक्तीने ‘वैयक्तिक किंवा घरगुती’ कारणासाठी केलेला वापर सरसकट वगळला आहे. तोच व्हिडिओ लाखभर लोकांना दाखवला, त्यावर पैसे कमावले, तरी तो घरगुतीच का? कायद्यात याचं स्पष्ट उत्तर लिहिलेलं नाही.

जर्मनीने हा प्रश्न कधीच हाताळला आहे. 1898मध्ये माजी चान्सेलर बिस्मार्क वारला त्या रात्री दोन छायाचित्रकार त्याच्या खोलीत घुसले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. त्या प्रकरणानंतरच्या चर्चेतून 1907चा कायदा आला. काही ठरावीक अपवाद सोडले तर, ज्याचा फोटो त्याची संमती असल्याशिवाय तो प्रसिद्ध करायचा नाही. तरतूद आजही लागू आहे आणि तिथली वर्तमानपत्रं काही बंद पडलेली नाहीत.

आपल्याकडे नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. संसदेने डेटा कायद्याच्या कलम 3ला एकच वाक्य जोडावं: ओळखू येणाऱ्या माणसाचं चित्रण त्याच्या संमतीशिवाय जाहीर केलं, की घरगुती वापराची सवलत तिथेच संपते; बातमी आणि गैरव्यवहार उघड करणाऱ्या चित्रणाला तेवढा अपवाद. दवाखाने, शाळा आणि जिम यांना तर संसदेची वाट बघायचंही कारण नाही. ‘कॅमेऱ्याचा चष्मा काढून आत या’ ही पाटी, अंधांना तेवढी सूट ठेवून, त्यांना उद्या सकाळी लावता येईल.